मंदी, भूमिपुत्र आणि आपण

(मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून या स्मरणिकेत देत आहोत.)



जमशेदपूरसारख्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन हे दोन्ही दिवस सारखेच आपले वाटतात.

कार्यवाहांनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, की मी अर्थतज्ज्ञ नाही आणि पुढारी तर मुळीच नाही. मी मूळचा बडनेऱ्याचा. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षे वाघिणींची चाके, ब्रेक आणि बेअरिंगे तपासण्यात गेली. पण मंदी हा विषय आम्हा यार्डातल्या लोकांना पुस्तकाशिवाय कळतो. वर्तमानपत्रात मथळा येण्याआधी आम्हाला ती रुळांवर दिसते. नोआमुंडीकडून लोहखनिज भरून येणारे रेक कमी होतात, ५८-५९ वाघिणींचे रिकामे रेक लूप लाइनवर उभे राहतात, त्यांच्या चाकांवर गंज चढतो. एरवी "वाघीण लवकर सोडा" म्हणून दर तासाला येणारा कंट्रोलचा फोन वाजेनासा होतो. तो फोन वाजायचा थांबला की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

२००८ साली अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला होती. आपण सुवर्णरेखेवर बाप्पांना निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. त्या वेळी इथे कोणाला त्याचे काही वाटले नाही. पण नोव्हेंबरमध्ये इथल्या टाटा मोटर्सने काही दिवसांचा ब्लॉक क्लोजर घेतला आणि आदित्यपूरच्या छोट्या कारखान्यांत कंत्राटी मुलांना "उद्यापासून येऊ नका" असे सांगितले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये वाहन उद्योगाला मंदी आली तेव्हा हेच पुन्हा घडले. या सभागृहात बसलेल्या अनेक घरांनी ते दिवस काढले आहेत.

आज मला मंदीच्या एका दुसऱ्या परिणामाबद्दल बोलायचे आहे. नोकऱ्या आटल्या की माणूस शेजारी बसलेल्याकडे बघून विचारतो, "हा कुठून आला?" हा प्रश्न तेजीच्या काळात कोणी विचारत नाही. शेतात काम भरपूर असले की परगावचा मजूर हवासा वाटतो, काम संपले की तोच डोळ्यांत खुपतो.

इतिहास पाहा. १९६५चे युद्ध, त्यानंतर लागोपाठ दोन वर्षांचा दुष्काळ, सरकारची तिजोरी रिकामी, पंचवार्षिक योजनेला तीन वर्षांची सुट्टी. खर्च कमी करायचा म्हणून नव्या वाघिणींच्या ऑर्डरी कापल्या गेल्या आणि हावडा-कलकत्त्याच्या अभियांत्रिकी कारखान्यांचे कंबरडे मोडले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. त्यानंतर तेरा दिवसांनी, १९ जूनला, मुंबईत शिवसेनेची स्थापना झाली. कचेऱ्यांमधल्या नोकऱ्या दाक्षिणात्यांना मिळतात आणि मराठी तरुण बाहेर राहतो, ही तिची पहिली मोठी तक्रार होती. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण तिला धार आली ती मंदीमुळे, हेही विसरू नये.

दुसरे उदाहरण रेल्वेचेच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये आसामात रेल्वेच्या गट ड भरतीवरून वाद झाला. बिहारमधून आलेल्या उमेदवारांना तिथे परीक्षेला बसू दिले नाही. त्याचा राग बिहारमधून जाणाऱ्या गाड्यांतल्या ईशान्येकडच्या प्रवाशांवर निघाला. त्याचा सूड म्हणून आसामात हिंदी बोलणारे डझनावारी गरीब लोक मारले गेले. त्यांतल्या कित्येकांनी रेल्वेच्या नोकरीचा अर्जही कधी केला नसेल.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हारी लागणारे. १९ ऑक्टोबर २००८ च्या रविवारी मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. लगेच बिहारमध्ये जमावाने स्थानकांची आणि गाड्यांची नासधूस केली. त्या दिवसांत घरी फोन केला की आई विचारायची, "तिकडे तुम्हाला कोणी काही बोलत तर नाही ना?" आणि शिफ्टमधला माझा छपऱ्याचा सहकारी त्याच्या कल्याणला राहणाऱ्या भावाला हाच प्रश्न विचारत असायचा. आम्ही दोघे एकाच डब्यातली भाकरी-चटणी खात होतो. आमच्यात भांडण नव्हते. पण दोघांचीही घरे धास्तावलेली होती.

मित्रहो, कल्याणला परीक्षेसाठी उतरणारा तो मुलगा तिथपर्यंत का येतो? त्याच्या गावात, जिल्ह्यात काम का नाही? या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर आमच्या रेल्वेच्या मालभाड्याच्या हिशेबात दडलेले आहे.

१९५०च्या दशकात केंद्र सरकारने पोलादासारख्या मालासाठी मालभाडे समानीकरणाचे धोरण आणले. अर्थ सोपा आहे. टाटानगरहून पोलाद जवळच्या गावाला न्या की थेट मुंबईला न्या, गिऱ्हाइकाला किंमत एकच. प्रत्येक टनाच्या किमतीत सरासरी भाडे धरायचे. म्हणजे कारखान्याच्या दारातला माणूस प्रत्यक्षापेक्षा जास्त भाडे भरणार आणि दीड-दोन हजार किलोमीटरवरचा माणूस कमी भरणार. हेतू वाईट नव्हता. देशभर सगळीकडे उद्योग पसरावेत, हाच विचार होता. परिणाम मात्र असा झाला, की ज्यांच्या जमिनीखाली लोखंड आणि कोळसा होता, त्या त्या वेळच्या बिहार, बंगाल, ओरिसाला त्याचा जवळपणाचा फायदाच उरला नाही. उद्योजकाने विचार केला, पोलाद सगळीकडे एकाच भावाने मिळत असेल तर मोठे बंदर, मोठी बाजारपेठ आणि भांडवल जिथे आहे तिथेच कारखाना काढावा. कापसाला मात्र असे समान भाडे नव्हते. त्यामुळे पूर्वेकडच्या गिरण्यांना कापूस महाग आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांना पोलाद स्वस्त, अशी त्यांची रास्त तक्रार राहिली.

पोलादावरचे हे धोरण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उठले. तोपर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या. मुंबई-ठाणे-पुण्याचा अभियांत्रिकी पट्टा बहरला त्यात आपल्या लोकांची मेहनत, शिक्षण, सहकार, सगळे होतेच. पण या मुलखाने सोसलेले भाडेही त्यात होते. टेल्कोने जमशेदपूरनंतरचा दुसरा मोठा कारखाना साठच्या दशकात पुण्याजवळ पिंपरीला काढला, हे इथल्या जुन्या मंडळींना चांगले माहीत आहे.

बिहार-झारखंडच्या मागासलेपणाचे खापर केवळ या एका धोरणावर फोडता येणार नाही. शाळांची दुर्दशा, जमिनीचे वाद, खाणींतला भ्रष्टाचार, बंगालातले घेराव, अशी बरीच कारणे आहेत. तसे नसते तर धोरण उठल्यावर तीस वर्षांत सगळे भरून निघाले असते. पण छपऱ्याचा मुलगा कल्याणला उतरतो तेव्हा तो आपले काही लुटायला आलेला नसतो. पोलाद ज्या रुळांवरून गेले, त्याच रुळांवरून तो कामाच्या शोधात जातो. एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.

आता आपल्या स्वतःकडे पाहू. हे शहर उभे करणारे जमशेटजी टाटा यांची पहिली मोठी गिरणी नागपूरची एम्प्रेस मिल. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पोलादाचा विचारही त्यांच्या मनात प्रथम आला तो आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावरून. वरोऱ्याचा कोळसा पोलादासाठी योग्य ठरला असता तर कदाचित हे शहर चंद्रपुरात वसले असते! पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या लोहखनिजाकडे लक्ष वेधले आणि सुवर्णरेखा-खरकाईच्या संगमाजवळ साकचीला कारखाना आला. १९१२ मध्ये पहिले पोलाद ओतले गेले. नियोजित शहर कसे असावे, याबद्दल जमशेटजींनी १९०२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात रुंद रस्ते आणि सावलीची झाडे यांबरोबर मंदिरे, मशिदी आणि चर्च यांच्यासाठी जागा राखून ठेवायला सांगितले होते. नकाशात सहिष्णुता आखलेली होती. तरीही १९६४ आणि १९७९ साली याच शहरात दंगली झाल्या. नकाशा कितीही चांगला असला तरी नंतरच्या पिढ्यांना तो रोज सांभाळावा लागतो.

आणि हे शहर वसले ते रिकाम्या जमिनीवर नव्हे. संथाळ, हो, भूमिज लोकांची गावे इथे होती. १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड राज्य झाले. जुलै २००२ मध्ये डोमिसाइलच्या वादावरून रांचीत माणसे मेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विधानसभेने, ज्यांच्या पूर्वजांची नावे १९३२च्या किंवा त्याआधीच्या खतियानात आहेत तेच स्थानिक, असे विधेयक मंजूर केले. ते पुढे अडकले, ही गोष्ट वेगळी. पण आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावे, १९३२च्या खतियानात माझ्या आजोबांचे नाव आहे का? आपल्यापैकी कित्येकांची तिसरी पिढी टेल्को कॉलनीत, कदम्यात, सोनारीत जन्मली. त्या मुलांना बडनेरा किंवा सांगली म्हणजे सुट्टीतला आजोळचा गाव. खतियानाच्या हिशेबाने मात्र ती उपरीच.

मुंबईची बातमी टीव्हीवर लागली की आपल्यापैकी काही जण "बरे झाले, धडा शिकवला" म्हणतात. आणि रांचीची बातमी लागली की तेच "आम्ही या शहरासाठी एवढे केले आणि आम्हालाच परके म्हणतात?" असे म्हणतात. बंधूंनो, माप एकच हवे. तिकडे एक गेज आणि इकडे दुसरे, अशाने गाडी चालत नाही.

मग भूमिपुत्राचा काही हक्कच नाही का? आहे, आणि तो मी मनापासून मानतो. २००८ मध्ये मराठी मुलांची तक्रार होती, की भरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीत नसते. ती तक्रार रास्त होती. पुढे २०१०च्या सुमारास रेल्वेने नियम बदलले. सगळ्या भरती मंडळांची परीक्षा एकाच दिवशी आणि प्रश्नपत्रिका प्रादेशिक भाषांतही. एकाच दिवशी परीक्षा म्हटल्यावर एकाच उमेदवाराने पाच ठिकाणी अर्ज करून गाड्या भरभरून फिरणे आपोआप कमी झाले. काही जण म्हणतील, "मारहाण झाली म्हणूनच नियम बदलले." असेल. पण म्हणूनच मी म्हणतो, हा नियम पाच वर्षे आधी, आसामच्या घटनेनंतर लगेच झाला असता तर कितीतरी डोकी फुटायची वाचली असती. रास्त तक्रार वेळेत ऐकली नाही की ती दगड हातात घेते. ऐकणाऱ्यांचाही त्यात दोष असतो.

स्थानिकाला भाषेत सवलत द्या, माहिती द्या, प्रशिक्षण द्या, त्याची जमीन घेतली असेल तर आधी त्याला काम द्या. हे सगळे न्यायाचे आहे. जन्माच्या दाखल्यावरून दार बंद करणे मात्र घटनेला धरून नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. आणि समजा दार बंद केले, तरी आतल्या जागा वाढणार आहेत का? रेल्वेच्या एनटीपीसी भरतीत सुमारे ३५ हजार जागांना सव्वा कोटी अर्ज आले होते. जानेवारी २०२२ मध्ये त्यावरून बिहार-उत्तर प्रदेशात मुले रुळांवर उतरली. एका जागेमागे साडेतीनशे मुले! त्यातून सगळे परप्रांतीय वगळले तरी उरलेल्या गर्दीला जागा पुरणार नाही. जागा वाढवायच्या तर तो तो मुलूख उभा करावा लागेल.

मुलूख कसा उभा राहतो आणि कसा बसतो, हे पाहायचे असेल तर इथून फार लांब जायला नको. बंगालच्या सीमेवर चित्तरंजन आहे. तिथल्या रेल्वे इंजिन कारखान्याने १९५० पासून वाफेची इंजिने बनवली, एकूण २,३५१. १९७२ मध्ये वाफेचे उत्पादन थांबले. पण त्याआधीच, १९६१ पासून, तिथे विजेची इंजिने बनू लागली होती. पहिल्या विद्युत इंजिनाचे नाव काय होते ठाऊक आहे? 'लोकमान्य'! बंगाली, बिहारी, संथाळ कामगारांच्या हातांनी घडलेले 'लोकमान्य' मुंबईच्या बाजूला मध्य रेल्वेवर धावले. ज्यांनी गणपती घराबाहेर आणून व्याख्यानांची ही प्रथा रुजवली, त्यांचे नाव. याच कारखान्याने २०१८-१९ या एका वर्षात ४०२ इंजिने बाहेर काढली.

त्याच्याच शेजारी रूपनारायणपूरला हिंदुस्थान केबल्स होती, १९५२ सालची. टेलिफोनच्या तांब्याच्या केबली बनवणारी. आधी ऑप्टिकल फायबर आला, मग मोबाईल आला. कारखाना जुन्याच मालावर बसून राहिला, सरकारी निर्णय लांबत गेले, कामगार वर्षानुवर्षे पगाराची वाट पाहत राहिले. २०१६ मध्ये केंद्राने तो बंद करायचा निर्णय घेतला. मी कामानिमित्त तिकडून गेलो आहे. ओस क्वार्टर्स, खिडक्यांतून वाढलेली झुडपे. दोन्ही ठिकाणी माणसे त्याच जिल्ह्यातली, पाणी तेच, हवा तीच. एका कारखान्याने जुने संपण्याआधी नवे शिकून घेतले, दुसऱ्याला ते करू दिले गेले नाही. चित्तरंजनला रेल्वेसारखे हक्काचे गिऱ्हाईक होते हेही खरे, पण त्या गिऱ्हाइकाची गरज बदलतेय हे तिथे वेळेत ओळखले गेले.

आदित्यपूरमधले माझे एक परिचित २००८ पर्यंत फक्त ट्रकचे सुट्टे भाग बनवत. त्या मंदीत हात पोळल्यावर त्यांनी निम्मे काम वाघिणींच्या भागांकडे वळवले. २०१९ मध्ये आजूबाजूच्या शेडना कुलपे लागली तेव्हा त्यांची एक पाळी तरी चालू राहिली. त्यासाठी त्यांनी काय केले, तर चार स्थानिक आयटीआयवाल्या मुलांना स्वतःच्या खर्चाने नवे मोजमाप आणि वेल्डिंग शिकवले.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न आहे. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये झाली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. मुंबई-पुणे पुढे गेले, विदर्भ-मराठवाडा मागे राहिला. आज गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजावर पोलाद उद्योग उभा राहतो आहे. चांगलेच आहे. पण तिथल्या गोंड-माडिया मुलाच्या हातात फावडे येणार की व्हर्नियर, हा प्रश्न इथल्या शंभर वर्षांच्या अनुभवावरून आजच विचारायला हवा.

आमच्या खात्यात एक साधी गोष्ट शिकवतात. ५८ वाघिणींतल्या एकीचाही ॲक्सल तापला तर सगळा रेक थांबवावा लागतो. बाकीच्या ५७ ठणठणीत आहेत म्हणून चालत नाही. दुर्लक्ष केले तर तीच वाघीण सगळ्या गाडीला रुळांवरून खाली घेऊन जाते. मागे पडलेला प्रांत हा तसा तापलेला ॲक्सल आहे.

आता शेवटचे आणि आपल्या हातातले. मोठी धोरणे दिल्लीत, रांचीत आणि मुंबईत ठरतात. पण या सभागृहाची चावी आपल्याकडे आहे. वर्षातले मोजके उत्सव सोडले तर रोज संध्याकाळी इथे कुलूप असते. मागच्या सभेत काही तरुण सभासदांनी सुचवले, की आठवड्यातून चार संध्याकाळी इथे अप्रेंटिस आणि रेल्वे भरतीच्या तयारीचा वर्ग घ्यावा आणि तो शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही खुला ठेवावा. त्यावर काही ज्येष्ठांनी शंका काढली. "आपलीच मुले बेकार असताना बाहेरच्यांना का शिकवायचे? मराठी मंडळाच्या वर्गणीतून हे का?" मी त्यांच्या वयाचा आणि भावनेचा आदर करतो. ही वास्तू त्यांनी पैसा-पैसा जमवून उभी केली आहे. पण 'बाहेरचे' हा शब्द वापरताना जरा थांबू या. पलीकडच्या वस्तीतल्या संथाळ मुलाच्या दृष्टीने बाहेरचे कोण आहे?

शिवाय यात आपले नुकसान काय? एक फळा, दोन ट्यूबलाइट आणि आमच्यासारख्या चार-पाच डिप्लोमावाल्यांच्या संध्याकाळी. मी गणित आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग घ्यायला तयार आहे. आपली मुले त्याच बाकावर बसतील, त्यांच्याकडून संथाळी किंवा हो भाषेतले चार शब्द शिकतील. उद्या पुन्हा मंदी येईल, कारण ती येतच असते. पुन्हा कोणीतरी विचारेल, "हे कुठून आले?" त्या वेळी वस्तीतला एखादा मुलगा म्हणाला पाहिजे, "हे तर आमच्या क्लासचे सर आहेत." यापेक्षा भक्कम डोमिसाइल सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.

गणेशोत्सवाआधी सर्वसाधारण सभा आहे. हा ठराव तिथे येईल. आपण सर्वांनी त्यावर शांतपणे विचार करून यावे, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडावा, एवढीच विनंती करतो.

जय महाराष्ट्र! जय झारखंड! जय हिंद!